आधी मोजा, मग उचला: उत्खननावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

देवनी मोरीचा बौद्ध स्तूप बघायला आज गेलात तर पाणी दिसेल. उत्तर गुजरातेतल्या शामळाजीजवळची ती जागा मेश्वो नदीवरच्या धरणात बुडाली. त्याआधी, 1960 ते 1963 या काळात, आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने तिथे खोदकाम केलं. र. ना. मेहता आणि एस. एन. चौधरी यांच्या देखरेखीखाली ते चाललं होतं. स्तूपात सापडलेला, बुद्धाच्या अवशेषांचा उल्लेख कोरलेला दगडी करंडक आज बडोद्यात आहे. पण करंडकाच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारची वीट कुठल्या पातळीवर होती, हे आता कुणालाही जाऊन पाहता येणार नाही. त्या वेळी वहीत जे उतरलं तेवढंच उरलं.

धरण नसलं तरी प्रत्येक खड्ड्याचं हेच होतं. पाण्याचं काम तिथे आपलं खुरपं करतं.

तुम्ही बडोद्याहून पहिल्यांदा एखाद्या कॅम्पवर निघाला असाल, तर तिथे कुणी तुम्हाला खापर बघून काळ विचारणार नाही. ते पुढे चार-पाच हंगामांनी जमतं, काहींना तेव्हाही जमत नाही. पहिल्या आठवड्यात अपेक्षा एवढीच असते की वस्तू जिथे होती ती जागा तुमच्या हातून हरवू नये.

एक गोष्ट आधीच सांगते. परवान्याशिवाय कुठेही खोदायचं नाही, मग टिंबो, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, गावाच्या वेशीवर असो की मामाच्या शेतात. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती जबाबदार संस्थेला मिळते, हौशी मंडळींना नाही. शेतात नांगरताना काही निघालं तर 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूला तो लागू होतो, म्हणजे तुमची वस्तू त्यात बसणार हे धरून चाला.

पिशवीत काय हवं

पाच मीटरची स्टीलची टेप, स्वतःची. कॅम्पवरची टेप हव्या त्या वेळी नेमकी दुसऱ्या खड्ड्यात असते. गवंडी वापरतात तो ओळंबा, दोरीवर अडकवायची छोटी पाणसळ, सुतळी, पेन्सिली, खोडरबर, आलेख कागद, झिपच्या पिशव्या, जाड कागदाची लेबलं. पेन नको. हिवाळ्यात पहाटेच्या दंवाने शाई पसरते आणि तीनाचा आठ होतो. मार्कर पिशवीवर ठीक, पण उन्हात तो उडतो, म्हणून पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेलं लेबल असायलाच हवं.

टेपचं टोक तपासून घ्या. टोकाचा हूक तुटून गेल्यामुळे कोणीतरी सुरुवात 10 सेंटिमीटरपासून करतो आणि वजा करायला विसरतो. असा अख्खा दिवस दहा सेंटिमीटर सरकलेला मी पाहिला आहे.

खड्डा म्हणजे चौकोन, आणि चौकोनाला पत्ता

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जागेची आखणी 10 मीटरच्या चौकोनांत करतात आणि एकेका चौकोनाचे चार भाग पाडतात. मधे न खोदलेली मातीची भिंत सोडायची, तिला सगळे बॉक म्हणतात. त्यामुळे प्रत्यक्ष खोदायला बहुधा साडेचार मीटर बाय साडेचार मीटर मिळतात. मॉर्टिमर व्हीलर 1944 ते 1948 या काळात सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यांनी तक्षशिलेला तरुणांना हीच शिस्त शिकवली, आणि त्या पिढीने ती देशभर नेली. आज काही ठिकाणी बॉक न ठेवता मोकळं क्षेत्र खोदतात. तुमच्या संचालकांची पद्धत कुठली, हे पहिल्याच सकाळी विचारून घ्या. चार भागांना क्रमांक कुठून द्यायचे तेही विचारा, कारण ते कॅम्पप्रमाणे बदलतं.

चौकोन काटकोनात आहे की नाही हे कर्णावरून कळतं. 4.50 मीटरच्या चौकोनाचा कर्ण 6.36 भरायला हवा, 10 मीटरचा 14.14. दोन्ही कर्ण मोजा, एक जुळला म्हणून थांबू नका.

मग संदर्भाची खुंटी. खड्ड्याच्या एका कोपऱ्यातली खुंटी ठरवतात आणि आडवी मापं तिच्यापासून घेतात; खोली कशापासून, ते पुढे. क्रम असा: खुंटीपासून कडेच्या दोरीवर किती पुढे, दोरीपासून आत किती, आणि खाली किती. वहीत ते 2.35 × 1.10 − 1.45 असं उतरतं. सगळं मीटरमध्ये, दशांशानंतर दोन आकडे. 2.3 लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळत नाही की शेवटी शून्य होतं की तुम्हाला कंटाळा आला होता.

आत किती, हे मोजताना टेप दोरीशी काटकोनात हवी. सोपी युक्ती आहे: टेपचं टोक वस्तूच्या वर ओळंब्याशी धरा आणि दुसरी बाजू दोरीवर डावी-उजवीकडे फिरवा. सगळ्यात कमी आकडा जिथे येईल तो काटकोन. टेप आडवी, समपातळीत ठेवा. दोन मीटरच्या अंतरात एक टोक अर्धा मीटर खाली गेलं तर टेप 2.06 दाखवते, सहा सेंटिमीटर फुकटचे. म्हणून ओळंबा. खड्ड्यात वाकून टेप तिरपी खेचणारा शिकाऊ लांबूनही ओळखू येतो.

खोली: कशापासून?

नवख्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जमीन सपाट नसते. टेकाडाच्या उतारावर वरच्या कडेपासून मीटरभर आणि खालच्या कडेपासून मीटरभर या दोन वेगळ्याच पातळ्या असतात. म्हणून खोली जमिनीपासून मोजायची नाही, डेटमपासून मोजायची. डेटम म्हणजे सगळ्यांनी मिळून स्थिर मानलेला एक बिंदू, बहुधा सिमेंटमध्ये बसवलेली खूण.

डम्पी लेव्हलने, म्हणजे तिपाईवर समपातळीत बसवलेल्या दुर्बिणीने, ते असं करतात. समजा डेटमची उंची आपण 100.00 मीटर धरली. तिच्यावर मापनपट्टी उभी करून दुर्बिणीतून वाचलं, आलं 1.42. म्हणजे दुर्बिणीची पातळी 101.42. आता पट्टी खड्ड्यात सापडलेल्या मण्याशेजारी ठेवली, वाचन 2.87. 101.42 मधून 2.87 गेले, राहिले 98.55. म्हणजे मणी डेटमच्या 1.45 मीटर खाली. पट्टी तिरकी असेल तर वाचन वाढतं, म्हणून पट्टीवाल्याला ती किंचित पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सगळ्यात लहान वाचन लिहा. काम संपताना पुन्हा डेटमवर वाचन घ्या. सकाळचं 1.42 आलं नाही तर मधे कुणाचा तरी पाय तिपाईला लागला आहे, आणि मधली सगळी वाचनं संशयित.

यंत्र नसेल तर डेटमच्या खुंटीपासून दोरी ताणा, पाणसळ दोरीच्या बरोबर मध्यावर अडकवा, बुडबुडा मधे आणा आणि दोरीपासून खाली टेप सोडा. थोड्या अंतराला हे चांगलं चालतं. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर तिन्ही आकडे एकदम मिळतात, पण ते यंत्रात साठले म्हणून वही कोरी सोडायची नाही. मोबाइलच्या जीपीएसचं विचारू नका. त्याची चूक काही मीटरची असते, आपला खड्डाच साडेचार मीटरचा.

“मणको! मणको!”

कामावर गावातल्या बेन आणि भाई असतात. फावड्याला पावडो, टिकावाला त्रिकम, खापराला ठीकरी हे गुजराती शब्द दोन दिवसांत तोंडात बसतात. त्यांची नजर तुमच्यापेक्षा पक्की असते हे आधी मान्य करा. कुणी “मणको!”, म्हणजे मणी, म्हणून हाक मारली की तुमची पहिली सूचना एकच: “हात लावू नका, तसाच राहू द्या.”

मग शेजारी बांबूची बारीक काडी टोचा. फोटो घ्या, चौकटीत मापपट्टी, उत्तरेचा बाण आणि खड्ड्याचा क्रमांक लिहिलेली पाटी हवी. तिन्ही मापं घ्या. एक जण मोजणार, दुसरा लिहिणार, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. किराणा दुकानात उधारी लिहितात तसं.

आता थर. माझं ऐकाल तर तीन आकड्यांपेक्षाही थराचा क्रमांक महत्त्वाचा. थर वरून खाली मोजतात, सगळ्यात वरचा 1. माती बदलली की थर बदलला: रंग, घट्टपणा, राख, चुनखडीचे खडे, कुजलेल्या विटांचा लालसरपणा. थर सपाट नसतात. खड्ड्याच्या एका बाजूला दीड मीटरवर चौथा थर असेल आणि दुसऱ्या बाजूला त्याच खोलीवर तिसराच. नुसत्या खोलीवरून या दोन वस्तू एका काळातल्या ठरतील, आणि तसं नसतं.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे जुने खड्डे. माणसं तेव्हाही खड्डे करायची, धान्याला, कचऱ्याला, खांबाला. पाचव्या थरापर्यंत खोल गेलेला खड्डा दुसऱ्या थराच्या काळातला असू शकतो, मग त्यातली वस्तू पाचव्या थराची नाही. वहीत ‘थर 2 ने झाकलेल्या खड्डा क्रमांक 1 मध्ये’ असं लिहायचं. खड्ड्याची माती बहुधा भुसभुशीत लागते, खुरप्याला आवाज वेगळा येतो. घुशी आणि उंदीर हेच काम विनापरवाना करतात. चौथ्या थरात सोड्याच्या बाटलीची काच मिळाली तर हडप्पाकालीन सोड्याचा शोध लावण्याआधी बीळ शोधा.

वस्तू जमिनीवर पडलेली होती, भरावात होती की भिंतीच्या पायाखाली, हेही एका ओळीत टाका. चोपलेल्या जमिनीवर सापडलेलं जातं आणि भरावात सापडलेलं जातं यांची साक्ष सारखी नाही.

माझी स्वतःची गोष्ट. पहिल्याच कॅम्पवर शंखाच्या बांगडीचा तुकडा मिळाला. जेवणाची घंटा झाली, मी तो उचलून बॉकवर ठेवला आणि जेवून आल्यावर मोजू म्हटलं. परत आले तोवर तिसऱ्या थराचा शेवटचा पापुद्रा काढून कामावरच्या बाई चौथ्यात उतरल्या होत्या. तुकडा नेमका कुठून काढला ते मला सांगता येईना. रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर ‘थर 3 किंवा 4’ असंच राहिलं. तुकडा सुंदर होता. काही सिद्ध करायला त्याचा उपयोग शून्य.

चाळणीत सापडलेल्या वस्तूला तीन आकडे नसतात, आणि ते तयारही करायचे नाहीत. घमेलं कुठल्या चौकोनातून, कुठल्या थरातून, कुठल्या दहा सेंटिमीटरच्या टप्प्यातून आलं ते लिहा आणि पुढे ‘चाळणीतून’ अशी नोंद करा.

वस्तूचं माप

हे संध्याकाळी तंबूत, व्हर्नियर कॅलिपर आणि छोटा डिजिटल काटा घेऊन. काटा रोज ज्ञात वजनाने तपासा.

मण्याची लांबी म्हणजे भोकाच्या दिशेने असलेलं माप, मग मणी आडवा कितीही मोठा असो. त्यानंतर सगळ्यात मोठा व्यास, भोकाचा व्यास दोन्ही टोकांना, वजन. भोक एका बाजूने पाडलं की दोन्ही बाजूंनी, हे भिंगातून पाहा. दोन्हीकडून पाडलं असेल तर मधे सांधा चुकलेला दिसतो. अकीक किंवा कार्नेलियनचा (तांबूस अकीकाचा) मणी असेल तर हे तपशील फार बोलके ठरतात. रतनपूरच्या खाणींचा दगड आणि खंभातचे कारागीर हे आपल्या अगदी जवळचं आहे. शक्य असेल तर एकदा खंभातला जाऊन मणी कसे घडतात ते पाहून या, अर्धे रकाने आपोआप भरता येतील.

बांगडीचा तुकडा असेल तर रुंदी, जाडी आणि मूळ व्यास. व्यास काढायला एकात एक वर्तुळं काढलेला तक्ता असतो, कमान त्यावर ठेवून जुळवायची. तक्ता नसेल तर हिशेब करा. तुकड्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर 4 सेंटिमीटर आणि कमानीची उंची 0.8 असेल, तर अंतराचा वर्ग 16 भागिले उंचीची आठपट 6.4, आले 2.5. त्यात उंचीचं अर्ध, 0.4, मिळवा. त्रिज्या 2.9, व्यास 5.8. एकाच काठाची मापं घ्या, आत-बाहेर मिसळू नका. सौराष्ट्रात नागेश्वर किंवा बगसरा इथे शंखाचं काम मोठ्या प्रमाणावर चालत होतं, तिथल्यासारख्या ठिकाणी असे तुकडे ढिगाने येतात आणि हात लवकर बसतो.

खापराच्या काठाचा व्यास याच तक्त्यावर. शिवाय पूर्ण वर्तुळाचा किती टक्के भाग हातात आहे तेही. पाच टक्क्यांपेक्षा लहान तुकड्यावरून सांगितलेला व्यास मी तरी मनावर घेत नाही.

चर्टचा (गारगोटीसारख्या कठीण दगडाचा) गुळगुळीत घन सापडला तर वजन दोनदा करा, कारण हडप्पाकालीन वजनं ठरावीक पटीत असतात आणि 13.6 ग्रॅमच्या आसपासचं माप त्यात सारखं भेटतं. पण रजिस्टरच्या वर्णनात ‘चर्टचा घन, कडा झिजलेल्या’ लिहा. ‘हडप्पाकालीन वजन’ हे तुमचं मत, ते शेरा या रकान्यात, शेजारी प्रश्नचिन्हासह. मणी सापडला तर मणी लिहा, हार लिहू नका. पुढे कुणी मत बदलेल, घनाच्या कडा काही बदलणार नाहीत.

नाणं चकचकीत करण्याचा मोह होतो. चिंच लावू नका, घासू नका, आहे त्या गंजासकट वजन करून तसं नमूद करा. लोखंडालाही पाणी नको. कोळसा रेडिओकार्बनसाठी, म्हणजे काळ ठरवायच्या चाचणीसाठी, हवा असेल तर हाताने न धरता स्वच्छ खुरप्याच्या टोकाने उचला, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, लेबल बाहेरच्या पिशवीत ठेवा, आतल्या कोळशाला कागद चिकटायला नको. हाडं सावलीत वाळवा.

खापरं तेवढी धुता येतात, पण एका थराची एका वेळी. वाळल्यावर आतल्या बाजूला बारीक अक्षरात ठिकाणाचं लघुरूप, वर्ष, खड्डा आणि थर. काठावर किंवा नक्षीवर लिहू नका.

रजिस्टर

एक वस्तू, एक क्रमांक, एकदाच. क्रमांक चुकून गाळला तर त्यापुढे ‘रिकामा’ लिहा, नंतर आलेली वस्तू तिथे घुसडू नका. रकाने बहुतेक ठिकाणी हेच असतात: क्रमांक, तारीख, खड्डा व भाग, थर, तिन्ही मापं, वस्तू, पदार्थ, वस्तूचं माप व वजन, अवस्था, फोटोचा क्रमांक, शेरा, नोंदणाऱ्याची सही. चूक झाली तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खाडाखोडीचा पांढरा रंग कॅम्पवर नेऊच नका.

आकडे इंग्रजी लिपीतलेच काढा. आपल्याकडे एका वहीत तीन लिप्यांतले हात फिरतात. गुजराती पाच आपल्या ‘प’सारखा दिसतो, आणि एकदा एका मुलाने तो खड्ड्याचं नाव समजून ‘खड्डा प’ अशी नवीनच पिशवी उघडली होती. सातला मधे आडवी रेघ द्या म्हणजे एकाशी घोळ होत नाही. मातीचा रंग शब्दांत लिहायचा तर ‘बदामी’, ‘गहूवर्णी’ हे घरचे शब्द गोड असले तरी दोन माणसांना दोन रंग दाखवतात. कॅम्पवर मुन्सेलचा रंगतक्ता असेल तर ओलसर माती त्यावर धरून क्रमांक टाका, आणि माती ओली होती की कोरडी हेही.

निघायच्या आधीच्या रविवारी घरच्या गच्चीवर एक तालीम करून बघा. चार विटांनी कोपरे, एका कोपऱ्यात खुंटी, मधे दहा-बारा वस्तू: बटण, किल्ली, चिंचोका. मोजून वहीत लिहा, सगळं उचला, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फक्त तुमची वही देऊन वस्तू परत मांडायला सांगा. माझ्या धाकट्या भावाने पहिल्यांदा मांडलं तेव्हा किल्ली गच्चीच्या बाहेर जात होती. मी पुढे आणि आत यांची अदलाबदल केली होती.

कॅम्पवर रोज उजेड असतानाच पिशव्या मोजा आणि रजिस्टरच्या ओळींशी ताडून पाहा. संख्या जुळली नाही तर तेव्हाच खड्ड्याशी परत जा, बॉकच्या कडेला, चाळणीशेजारी, स्वतःच्या खिशात शोधा. खिशात बऱ्याचदा सापडते. तरी नाही मिळाली तर ओळ पुसू नका, ‘पिशवी मिळाली नाही’ असं लिहून तारीख घाला, सही करा आणि जेवायच्या आधी संचालकांना सांगा.